दुकानात, घरकामात, उसाच्या फडात: लैंगिक छळाची तक्रार कुठे आणि कशी करायची

सरकारी कचेरीत, बँकेत, कॉलेजात जिन्याजवळ कुठेतरी एक बोर्ड असतो. वर 'अंतर्गत तक्रार समिती' लिहिलेलं, खाली चार-पाच नावं आणि फोन नंबर. जुनी माणसं तिला अजून 'विशाखा समिती'च म्हणतात. तिथे नोकरी करणाऱ्या बायकांना निदान एवढं तरी ठाऊक असतं, की काही झालंच तर जायला एक जागा आहे. पण कापड दुकानात दिवसभर साड्या दाखवणारी, दवाखान्यात केस पेपर काढणारी, चार घरची धुणीभांडी करणारी किंवा टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेली बाई जिथे काम करते, तिथे असा बोर्ड नसतो. "आमच्याकडे कुठली आलीय समिती?" असं म्हणून विषय मिटतो.

समिती त्यांच्यासाठीही आहे. ती दुकानात नसते, जिल्ह्याच्या ठिकाणी असते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तिला स्थानिक समिती म्हटलंय. हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे, कारण मोठ्या कंपन्यांतल्या समित्यांवर पुष्कळ लिहून येतं आणि हिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही.

मी काही अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. तिथे ऐकलेलं एक अक्षरही इथे येणार नाही. तक्रारदार बाईचं, तिच्यावर अन्याय केल्याचा आरोप असलेल्याचं आणि साक्षीदारांचं नाव-गाव बाहेर फोडायला कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे खाली जिथे 'समजा' म्हणून उदाहरण दिलंय, ते समजुतीसाठी रचलेलं आहे.

कायदा आला कुठून

राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून तुटपुंज्या मानधनावर काम करायच्या. गावातला एक बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न त्यांनी कामाचा भाग म्हणून केला, आणि त्याचा राग धरून 1992 साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. काम करताना बाईवर असा प्रसंग आला, तर तिच्या सुरक्षेची जबाबदारी काम देणाऱ्याची नाही का, हा प्रश्न घेऊन महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 13 ऑगस्ट 1997 रोजी विशाखा खटल्याचा निकाल लागला आणि प्रत्येक कामाच्या जागी तक्रार समिती असावी अशी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांचा कायदा व्हायला पुढे सोळा वर्षं गेली. 2013 साली तो झाला आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला लागू झाला.

लढा ज्यांच्यावरच्या अन्यायातून उभा राहिला, त्या खेड्यात मानधनावर काम करणाऱ्या होत्या. आज आपल्याकडे आशाताई, अंगणवाडी मदतनीस, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी त्यांच्यासारख्याच परिस्थितीत काम करतात. त्यांना या कायद्याचं नावही माहीत नसतं, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

कोण येतं यात, कुठली जागा येते

कायम, तात्पुरती, रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली, शिकाऊ, अगदी पगार न घेता काम करणारी बाईसुद्धा या कायद्यात कर्मचारी आहे. नेमणुकीचं पत्र हातात असायलाच हवं असं नाही. घरकाम करणाऱ्या बाईचा कायद्यात वेगळा उल्लेख आहे. दिवसातून एक तास भांड्यांना येणारीही त्यात बसते, आणि ज्या घरात ती काम करते ते घर ही तिची कामाची जागा. कामासाठी जिथे जिथे जावं लागतं ती ठिकाणं आणि मालकाने दिलेली गाडीही कामाच्या जागेत मोडते. तक्रार करणारी त्या जागी नोकरीलाच असली पाहिजे असंही नाही. दवाखान्यात आलेली पेशंट, दुकानात आलेली गिऱ्हाईक बाईही तक्रार करू शकते.

छळ म्हणजे अंगाला हात लावणं एवढंच बायकांच्या डोक्यात असतं. कायदा बराच पुढे जातो. शरीरसुखाची मागणी, घाणेरडं बोलणं, फोनवर अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं, नको असलेली नजर, खाणाखुणा, हे सगळं त्यात आहे. 'माझं ऐकलंस तर पगार वाढवतो', 'नाही ऐकलंस तर उद्यापासून येऊ नको' ही आमिषं आणि धमक्याही आहेत. सगळ्याला कसोटी एकच: ते तिला नको होतं का. समोरच्याने गंमत म्हणून केलं होतं की कसं, याने फरक पडत नाही. पुरुषांना मात्र या कायद्याखाली तक्रार करता येत नाही. त्यांना आपापल्या आस्थापनेचे सेवानियम आणि पोलीस हेच मार्ग आहेत.

कुठल्या समितीकडे जायचं

जिथे दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात, तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. अध्यक्ष तिथलीच वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतली. नेमली नाही तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. दुसऱ्यांदा तोच गुन्हा केला तर दुप्पट, आणि परवाना रद्द होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

दहापेक्षा कमी माणसं असतील तर स्थानिक समिती. आणि दुसरी एक गोष्ट, जी मोठ्या कारखान्यातल्या बाईलाही माहीत हवी: तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर माणसं दहा असोत की पाचशे, स्थानिक समितीकडेच जायचं. मालकाने नेमलेल्या लोकांनी मालकाचीच चौकशी करायची, हा प्रकार कायद्याने टाळलाय.

ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. ती जिल्हा अधिकारी नेमतो. जिल्हाधिकारी, अपर जिल्हाधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी यांपैकी कुणाला तरी सरकारने ते काम दिलेलं असतं. जिल्ह्याचा महिला व बाल विकास खात्याचा अधिकारी समितीवर पदसिद्ध असतो. म्हणून पत्ता सापडत नसेल तर थेट जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. जिल्ह्याला जाणं परवडत नसेल तर तालुक्याला, शहरात वॉर्डात किंवा नगरपालिकेत एक समन्वय अधिकारी नेमलेला असायला हवा. त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते.

'असायला हवा' हे शब्द मी जाणूनबुजून वापरतेय. कायदा लागू होऊन दहा वर्षं उलटल्यावरही सगळीकडे ही व्यवस्था उभी नव्हती, म्हणून डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना तारखा ठरवून द्याव्या लागल्या: जिल्हा अधिकारी अमुक दिवसापर्यंत नेमा, स्थानिक समित्या अमुक दिवसापर्यंत उभ्या करा. तेव्हा कचेरीत कुणी "अशी काही समिती नाही" म्हणालं, तर मान डोलावून परत फिरू नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज द्या. केंद्र सरकारच्या 'शी-बॉक्स' या पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते.

ऊसतोडीच्या बाईची अडचण आणखी वेगळी. बीडकडची टोळी सांगली-कोल्हापूरच्या फडात असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल मुकादमाकडून घेतलेली. त्रास देणारा मुकादम किंवा फडाशी संबंधित कुणी असेल तर फड ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याच्या समितीकडे जायला हवं, पण चौकशी सुरू होईतो हंगाम संपून टोळी गावी परतलेली असते. माझं स्पष्ट मत आहे की अशा बाईचं म्हणणं समितीने व्हिडिओ कॉलवर ऐकलं पाहिजे. अर्जातच तशी विनंती लिहून ठेवावी.

तीन महिने

सगळ्यात जास्त नुकसान कशाने होत असेल तर उशिराने. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार जायला हवी. प्रकार अनेकदा घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजतात. उशीर का झाला हे समितीला पटलं, तर कारण लेखी नोंदवून ती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. म्हणजे फार तर सहा महिने.

बायका थांबतात. घरी कळलं तर काम सोडायला लावतील, दिवाळीचा बोनस होऊन जाऊ दे, पोरीची फी भरून होऊ दे. थांबण्याची कारणं खरी असतात, पण मुदत कुणासाठी थांबत नाही. पश्चिम बंगालमधल्या एका विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेची कुलगुरूंविरुद्धची तक्रार याच मुद्द्यावर अडली. छळाची शेवटची घटना एप्रिल 2023 मधली, तक्रार डिसेंबर 2023 मधली. त्यानंतर पदावरून दूर करण्याची जी कारवाई झाली तीही छळाचाच पुढचा भाग आहे, असं तिचं म्हणणं होतं. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तक्रार मुदतीबाहेरची ठरवली. कायदा शिकवणाऱ्या संस्थेतल्या प्राध्यापिकेचं असं होऊ शकतं, तर दुकानातल्या बाईने तारखेकडे किती डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं!

अर्ज कसा लिहायचा

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका कापड दुकानात सात माणसं आहेत आणि मालक तिथल्या एका ताईंना त्रास देतो. त्या पहिल्यांदा अर्ज लिहितात तेव्हा बहुतेक असं लिहितात: 'मालक माझ्याशी वाईट वागतात, नेहमी त्रास देतात, तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती.' यातला शब्द न् शब्द खरा असेल, पण चौकशी करणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. समोरचा म्हणेल, 'कामावर उशिरा येते म्हणून बोललो, तोच वाईट वागलो असं वाटलं असेल.'

आता हेच असं लिहून पाहा: 'गुरुवार, 12 जून रोजी दुपारी तीनच्या सुमारास मी मागच्या गोदामात साड्यांचे गठ्ठे लावत होते. मालक आत आले, त्यांनी दार लोटलं आणि मागून माझ्या कमरेला हात लावला. मी "हात काढा" म्हणाले आणि बाहेर आले. काउंटरवरच्या दुसऱ्या ताईंनी मला रडताना पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी त्यांना तेव्हाच सांगितलं.' दिवस, वेळ, जागा, कुणी काय केलं, आपण काय केलं, लगेच कुणाला सांगितलं. कमरेला हात लावला असेल तर 'कमरेला' असंच लिहावं. लाज वाटते म्हणून 'गैरवर्तन केले' असे गुळगुळीत शब्द वापरले की तक्रारीतला जीव जातो. तारीख नक्की आठवत नसेल तर 'वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी' असं लिहिलं तरी चालतं. चुकीची तारीख ठोकून देण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला मदत करणं हे समितीचं कामच आहे. तब्येतीमुळे स्वतः जाता येत नसेल तर नातेवाईक, मैत्रीण किंवा सहकारी तिच्या वतीने तक्रार देऊ शकतात. नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या असतात. सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. सातवी प्रत स्वतःसाठी काढा आणि आवक विभागात तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका. तीन महिन्यांच्या आत तक्रार दिली होती याचा तुमच्याकडचा पुरावा तोच.

मेसेज आले असतील तर पुसू नका, किळस आली तरी. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ मेसेज ज्या फोनमध्ये आहेत तो फोनही विकू किंवा बदलू नका.

पुढे काय होतं

तक्रार मिळाल्यापासून कामाच्या सात दिवसांत तिची प्रत समोरच्याला जाते. त्याने कामाच्या दहा दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी 90 दिवसांत संपवायची, संपल्यावर दहा दिवसांत अहवाल, आणि अहवालावर 60 दिवसांत कारवाई. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर लागतात. समितीला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. वकील मात्र दोन्ही बाजूंना आणता येत नाही. बाहेर सल्ला घ्यायला आडकाठी नाही, आणि महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिलाय, त्यात उत्पन्नाची अट नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे साधा अर्ज केला की काम होतं. त्यांची हेल्पलाइन 15100.

"साक्षीदारच नाही" म्हणून बायका माघार घेतात. गोदामात दार लोटून केलेल्या गोष्टीला साक्षीदार असणार कसा? समिती म्हणजे फौजदारी कोर्ट नव्हे. तिथे तसूभरही शंका उरू नये इतका पुरावा लागत नाही. दोघांचं ऐकून, आजूबाजूच्या गोष्टी तपासून कुणाचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त, एवढं पाहतात. काउंटरवरच्या त्या ताईंनी काही घडताना पाहिलं नसलं तरी रडणं पाहिलं, लगेच ऐकलं. ही साक्ष वजनाची असते.

दुसरी भीती, 'खोटी तक्रार ठरली तर उलट माझ्यावरच कारवाई होईल'. कायद्यात तसं कलम आहे, पण तेच कलम पुढे म्हणतं की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. मुद्दाम, वाईट हेतूने केली होती हे वेगळी चौकशी करून ठरवावं लागतं. मालकाची माणसं कलमाचा पहिला अर्धाच भाग ऐकवतात.

चौकशी चालू असताना त्याच माणसासमोर रोज उभं राहायचं कसं? लेखी मागणी केली तर समिती तिची किंवा त्याची बदली सुचवू शकते, तिला हक्काच्या रजेशिवाय आणखी तीन महिन्यांपर्यंत रजा द्यायला सांगू शकते, त्याला तिच्या कामाचा अहवाल लिहिण्यापासून रोखू शकते. सात माणसांच्या दुकानात बदली कुठे करणार, हा प्रश्न आहेच. तिथे रजाच मागावी. आणि इथे कायदा कमी पडतो हे सांगायलाच हवं. तक्रार केली म्हणून मालकाने कामावरून काढलं, तर त्या सूडासाठी वेगळी शिक्षा या कायद्यात लिहिलेली नाही. तसं झालं तर त्याच दिवशी समितीला लेखी कळवा, म्हणजे ते चौकशीच्या कागदांत येईल आणि भरपाई ठरवताना गेलेली रोजीरोटी मोजली जाईल.

समझोता करायचा असेल तर तो फक्त बाईने मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि त्यात पैशांची देवघेव चालत नाही. 'वीस हजार घे आणि विषय मिटव' याला समझोता म्हणत नाहीत.

आरोप सिद्ध झाला तर लेखी माफीपासून नोकरीवरून काढण्यापर्यंत शिफारस होऊ शकते. बाईला भरपाईही मिळते: मनस्ताप, हातची गेलेली संधी, औषधपाणी आणि समोरच्याची ऐपत पाहून रक्कम ठरते. त्याने ती दिली नाही, तर जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी वसूल करता येते. दुकानाच्या मालकाला ही भाषा बरोबर कळते. निर्णय पटला नाही तर दोघांनाही 90 दिवसांत अपील आहे.

समितीवर बसणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगते. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखांविरुद्ध 2009 साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या होत्या. समितीने घाईघाईत सुनावण्या उरकल्या, विभागप्रमुखांना बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही. 2023 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा निर्णय रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी! समोरच्याला नोटीस देणं, कागद देणं, बोलायला वेळ देणं यात समितीने कुचराई केली, की त्याचा भुर्दंड तक्रार करणाऱ्या मुलींना भरावा लागतो. म्हणून 'त्याला कशाला एवढी मुभा देता' असं तक्रारदार बाईला वाटलं, तरी समितीने ती द्यावी.

पोलिसांकडे जायचं का

समिती आणि पोलीस हे दोन वेगळे रस्ते आहेत, एक धरला म्हणून दुसरा बंद होत नाही. अंगाला हात लावणं, शरीरसुख मागणं, अश्लील गोष्टी दाखवणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे; घाणेरडं बोलण्यासाठी एक वर्षापर्यंत कैद. इथे तीन महिन्यांची मुदत लागू नाही, त्यामुळे समितीची मुदत हुकलेल्या बाईलाही हा रस्ता उरतो. घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, जवळच्या पोलीस ठाण्याने गुन्हा नोंदवून घ्यायला हवा. तिला गुन्हा दाखल करायचा असेल तर मदत करणं ही मालकाचीही कायदेशीर जबाबदारी आहे. तातडीची वेळ असेल तर 112, महिलांसाठीची हेल्पलाइन 181.

घरकाम करणाऱ्या बाईच्या बाबतीत कायदा आणखी एक पाऊल पुढे जातो. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर स्थानिक समितीने ती सात दिवसांच्या आत पोलिसांकडे पाठवायचीच आहे. ज्या घरात काम केलं त्या घरच्या माणसाविरुद्ध एकटीने पोलीस ठाण्यात जायचं धाडस तिला करावं लागू नये, यासाठी ती तरतूद आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना हे कुणी सांगितलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. स्थानिक समितीचा पत्ता आणि फोन नंबर शोधून तो त्यांना लिहून देणं तुम्हाला आजच करता येईल.